साहेबाची ट्रॉली

हे लिहायचंच नाही, असं परीक्षितने ठरवून टाकलं होतं. दोनदा फोनवर टाईप केलं, दोनदा खोडलं. ज्यांची गोष्ट, त्यातला एक माणूस गेला, दुसऱ्या माणसाने बोलणं सोडलं. मग लिहून भलं कोणाचं होणार? पण डोक्यातून जाईना. तर आता जसं झालं तसं.

इकडे हिंदी मुलुखात, आनंद नगरला त्याच्या दोस्ताच्या, प्रतीकच्या घरी एक चहाची ट्रॉली होती. प्रतीकचे वडील ज्या कारखान्यात होते, तिथली सगळी मराठी मंडळी तिला ‘साहेबाची ट्रॉली’ म्हणायची. पुढे दोन मोठी पांढरी चाकं, मागे नुसते पाय, आणि बाजूची लाकडी चौकट अशी सलग वाकवलेली की सुतारापेक्षा हलवायाचं काम वाटावं. मूळ डिझाइन फिनलंडचं, नव्वद वर्षांपूर्वीचं. इंग्रजांचा चहा आणि जपान्यांची सुतारकी बघून कोणा आर्किटेक्टला सुचलेलं, असं परीक्षितने नेटवर वाचलं होतं. तो स्वतः फर्निचरचं काम शिकला ते यूट्यूबवर आणि लोकांच्या मोडक्या खुर्च्यांवर. कोटरा सुल्तानाबादला त्याचं छोटंसं दुकान. खरं सांगायचं तर लहानपणी ही ट्रॉली बघूनच तो या धंद्यात पडला.

प्रतीकची आई, लीलावतीकाकू, मूळच्या पुण्याच्या. पाहुणे आले की ट्रॉली ढकलत यायच्या आणि चहा ओतायच्या आधी तिची गोष्ट ओतायच्या. कारखान्यात एक जर्मन साहेब मशीन बसवायला आला होता, त्याने जाताना ही आम्हाला दिली. मग हळूच नजर नवऱ्याकडे.

“हे जन्मभर लाकूडच कापत आले, पण घरात एक धड पाट नाही झाला यांच्या हातून.”

नरहरकाका हसायचे. कप घ्यायला हात पुढे केला की काकू म्हणायच्या, तुम्ही थांबा, मी देते, तुमचे हात म्हणजे कानस, ट्रॉलीला ओरखडे पडतील. पाहुणे हसायचे. परीक्षितही हसायचा.

काका होते पॅटर्न शॉपमध्ये. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, ते त्यांचं काम.

या उन्हाळ्यात काका गेले. प्रतीक पुण्याला नोकरीला, त्याने आईला तिकडेच न्यायचं ठरवलं. सामान उतरवताना ट्रॉली जिन्यावर सुटली आणि एक चाक फुटलं. तेराव्यापर्यंत डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई त्या चाकाचे तुकडे ओंजळीत घेऊन रडत बसली. मग परीक्षितला म्हणाली, एवढी दुरुस्त करून दे, आणि ओरिजिनल आहे असं कुठे नेटवर सापडलं तर तेही बघ. पुण्याला बहिणींना दाखवायचंय.

दुकानात त्याने तुकडे जुळवायला घेतले. पांढऱ्या रंगाच्या आत पिवळं लाकूड निघालं. हल्दू. हे तर आपल्याच इकडच्या जंगलातलं, फिनलंडात कुठून येणार? त्याने टेप लावून मापं घेतली. नेटवरच्या मापाप्रमाणे लांबी नव्वद सेंटिमीटर हवी, ती जवळजवळ एक्क्याण्णव. उंची, रुंदी, चाकं, सगळंच किंचित मोठं. नक्कल करणारा चुकला तर इकडे जास्त, तिकडे कमी असा चुकतो. हा सगळीकडे एकाच हिशोबाने चुकला होता.

आणि मग त्याला ती स्टीलची पट्टी आठवली. काकांनीच दिलेली. त्या पट्टीने केलेलं पहिलं शेल्फ कोनाड्यात जाईना, तेव्हा काका पोट धरून हसले होते. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवरच्या खुणाच मुळात शंभराला एक या हिशोबाने लांब आखलेल्या असतात, हे त्याला तेव्हा कळलं.

त्याने खणातून ती काढली, लावली. नव्वद. बरोबर नव्वद.

साहेबाच्या खऱ्या ट्रॉलीची मापं काकांनी साध्या टेपने घेतली असणार. पण बनवायला बसल्यावर सवयीने हातात आपली पट्टी आली.

प्रतीक आला, त्याला सगळं दाखवलं. तो बराच वेळ चौकटीवर नुसता हात फिरवत राहिला.

“म्हणजे बाबांनी बनवली? यार, मग सांगितलं का नाही कधी?”

 आईला तूच सांग, माझ्याने नाही होणार, असं म्हणून प्रतीक मोकळा झाला. परीक्षितला वाटलं, यात न सांगण्यासारखं काय आहे? काकूंची छाती उलट दुप्पट फुगेल.

घरात सगळीकडे पोती आणि खोके. काकूंनी स्टीलच्या ग्लासात चहा दिला. त्याने पट्टी, हल्दू, सगळं सांगितलं. आधी त्या म्हणाल्या, काहीतरीच. मग म्हणाल्या, साहेबाची ट्रॉली एकदा दुरुस्तीला यांच्याकडे आली होती खरी. साहेब गेल्यावर हे एक दिवस घरी घेऊन आले, म्हणाले साहेबाने दिली. खाली भाजीवाला ओरडून ओरडून निघून गेला.

“लग्न झालं तेव्हा त्यांनी एक टेबल केलं होतं,” काकू म्हणाल्या. “मी ते गॅलरीत कुंड्यांखाली टाकलं. म्हटलं, लोक म्हणतील, यांची दुकानातलं घ्यायची ऐपत नाही.”

परीक्षित म्हणाला, पण काकू, ही किती सुंदर बनवलीये त्यांनी.

“बनवली म्हणून सांगितलं असतं, तर हीपण गॅलरीतच गेली असती. माहीत होतं त्यांना.” त्यांनी ग्लास खाली ठेवला. “चाळीस वर्षं मी त्यांना हात लावू दिला नाही रे तिला.”

चहा तसाच राहिला. उठताना एवढंच म्हणाल्या, ती पुण्याला नको. आणि विकायचीही नाही.

निघायच्या दिवशी परीक्षित हबीबगंज स्टेशनला गेला. काकू खिडकीशी बसल्या होत्या, तोंड पलीकडे करून. त्याने काचेवर टकटक केलं तरी वळल्या नाहीत. प्रतीक दारात उभा होता.

“भाई, तुझी गलती नाही,” तो म्हणाला. “पण ती आता बाबांचं नावच घेत नाही. आधी निदान टोमणे तरी मारायची.”

 ट्रॉली माझ्याकडे राहील, काकूंनी मागितली की मी स्वतः घेऊन येईन, असं परीक्षित म्हणाला.

“आणि नाहीच मागितली तर?”

गाडी हलली.

“तर मी फोन करून विचारत राहीन,” परीक्षित डब्याबरोबर चालता चालता म्हणाला. “नाही म्हणाल्या तरी विचारीन, फोन ठेवून दिला तरी परत लावीन. तू फक्त फोन त्यांच्या हातात देत जा.”