गयाबाईचं सत्त्व

गव्हाचं सत्त्व करावं तर गयाबाईनं, असं आमच्या शहाडच्या चाळीत म्हणत. कोणी म्हटलं नाही तर मीच आठवण करून द्यायचे. नातू सुजात सहा महिन्यांचा झाला तेव्हा पहिला घास अर्थातच माझ्या सत्त्वाचा.

दहाव्या महिन्यात पोराचं वजन साडेपाच किलो. दिवसाला आठ-आठदा पातळ शी, पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. औषधं झाली, दात येतायत म्हणून झालं. सून रोहिणी वांगणीला माहेरी गेली की पोर सुधारायचं, परत आली की दहा दिवसांत जुलाब सुरू. मी म्हटलं, इथलं पाणी बाधतंय. खोटं कशाला बोलू, सुनेच्या अंगावरच्या दुधालाही मी नावं ठेवली. पोर हातचं जाणार, या भीतीनं जीभ सुटली होती.

दिवाळीनंतर रोहिणी माहेरी निघाली ती इथल्या पाण्याचे दोन कॅन घेऊन. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. तिथं पंधरा दिवस तिनं पोराला हेच पाणी उकळून पाजलं, खायला तांदळाची पेज. जुलाब थांबले.

परतल्या दिवशीच ती उल्हासनगरला डॉक्टर मॅडमकडे गेली. मी शेजारी बसले असताना म्हणाली, "मॅडम, पाणी नाय. तिकडे आईंचं सत्त्व देत नाय, तेवढाच फरक. त्याला गहू बाधतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडमनी मात्र पेन खाली ठेवलं.

"असा आजार असतो. गव्हानं आतडं खराब होतं. रक्त तपासू, मग मुंबईला नळी घालून आतडं बघतील. पण तोवर गहू बंद करू नका, नाहीतर तपासणीत नीट कळणार नाही."

रोहिणीच्यानं भरववेना. तीन आठवडे मीच भरवलं, माझ्या हातचं सत्त्व, चमच्यागणिक रडत.

रिपोर्टात गहूच निघाला.

"हे ओळखलं कोणी?" मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. माझा मुलगा हेमंत तोंड उघडणार, तेवढ्यात मी उभी राहिले. "आमच्या सूनबाईनं, डॉक्टर. नववी शिकलीय ती."

सुजात आता दीड वर्षाचा आहे, नऊ किलोंचा. ज्वारीची भाकरी खाऊन चाळभर धावतो. परवा शेजारची भावना तिच्या बाळासाठी सत्त्व मागायला आली. आमच्या घरात गव्हाचा दाणा येत नाही, म्हणून तिच्या घरी जाऊन करून दिलं.

"सगळ्या पोरांना बाधत नाय गं," मी म्हटलं. "पण बाधलंच, तर मला नको विचारू. रोहिणीला विचार."