खापर फुटलं ते माझ्या सिलिंडरवर

मित्रांनो, मी एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे. डांबरी रस्त्यावर मिरवण्यासाठी नव्हे, तर चिखलातून, ओढ्यांतून आणि दगडधोंड्यांतून पळण्यासाठी मला घडवलं गेलं. माझ्या वयाच्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात. मी टाकणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो मी आधीच सांगून टाकते.

राग कशाचा, तर एका वाक्याचा. "टू-स्ट्रोकचा काय भरवसा!" इटलीतल्या आमच्या सेरियाना खोऱ्यात हे वाक्य पोरं बोलायला लागली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिकतात. ज्यांनी आयुष्यात कधी किक मारली नाही, तेही कॉफीत ग्रापाची दारू ओतता ओतता हेच बोलतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

माझी घडण साधी आहे. माझ्या पोटात भाग थोडे. पिस्टन एकदा वर जाऊन खाली आला की माझा एक धक्का तयार होतो. माझ्या फोर-स्ट्रोक बहिणीला त्याच कामाला दोन फेऱ्या लागतात, आणि तिच्या माथ्यावर सतत उघडझाप करणाऱ्या झडपा असतात. ती आपलं ऑइल पोटात वेगळं बाळगते. मला ती सोय नाही. माझं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं, जेवणातून औषध द्यावं तसं. ते मिळालं तर मी कुठलाही चढ काढते. नाही मिळालं तर मी मरते. शिवाय माझा पिस्टन लवकर झिजतो, तो वेळच्या वेळी बदलावा लागतो. मी यातलं काहीच कुणापासून लपवलेलं नाही.

मला पहिल्यांदा घरी आणलं ते एजिदियोने. तो दगडाच्या खाणीत कामाला होता. हात फरशीसारखे टणक, पण माझा नाजुकातला नाजूक स्क्रू तो अशा अलगद बोटांनी काढायचा की मला कळायचंही नाही. दर हिवाळ्यात बर्फ पडलं की तो मला स्वयंपाकघरात घ्यायचा आणि ओट्यावर माझं इंजिन उघडायचा. त्याची बायको पिएरिना कंबरेवर हात ठेवून उभी राहायची.

"एजिदियो, या ओट्यावर एक तर मक्याचा पोलेंटा शिजेल, नाहीतर तुझ्या त्या लाडकीची आंघोळ होईल. काय ते ठरव."

"पोलेंटा रोज असतो गं. हिची आंघोळ कधीतरीच."

"आणि माझी गाळणी कुठाय?"

गाळणी त्या वेळी माझ्या सेवेत असायची.

ऑइल तो स्वतः मिसळायचा. ते निळं होतं. मिसळलेलं पेट्रोल तो खिडकीजवळ धरून आपल्या मुलीला, मिरेल्लाला, दाखवायचा. "हा रंग लक्षात ठेव, पोरी. निळं दिसलं की टाकीत ओतायचं. पांढरं दिसलं तर हातसुद्धा लावायचा नाही." अशी देखभाल होती म्हणून मी वर्षानुवर्षं त्याला डोंगर चढवून आणलं आणि एकदाही वाटेत टाकलं नाही. त्या वर्षांत माझ्या भरवशाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कौतुक करायलाही कुणी आलं नाही, ते सोडा.

मग एजिदियोचा गुडघा गेला. खाणीत घसरला, पुन्हा त्याला पाय वाकवता येईना. मी मिरेल्लाकडे आले. ती सूतगिरणीत काम करायची आणि सुटी झाली की माझ्यावर बसायची. बापापेक्षा ती जोरात पळवायची, पण पिस्टन बापासारखाच वेळेवर बदलायची.

त्याच सुमारास आमच्या गॅरेजमध्ये एक नवी फोर-स्ट्रोक आली. ती एजिदियोच्या पुतण्याची, इव्हानोची. खरं सांगते, गाडी गुणी होती. आवाज भारदस्त, चढाला दमदार, धूर नाही. मला तिचा मत्सर वाटला, नाही कशाला म्हणू! पण ती गुणी असली तरी मालक तसा नव्हता.

"मिरे, अजून ऑइल मोजत बसलीस? औषधाचं दुकान टाक तू. माझं बघ, पेट्रोल ओतलं की निघालो. फोर-स्ट्रोकला काही करावं लागत नाही."

"ऑइल बदललंस का तिचं?"

"आत आहे की ऑइल! कुठे पळून गेलंय?"

"काळं झालं असेल. आणि झडपांचं अंतर तपासलंस?"

"तू जळतेस माझ्यावर, दुसरं काही नाही."

मित्रांनो, माझी देखभाल पुन्हा पुन्हा करावी लागते, पण ती सोपी असते. तिची देखभाल कमी वेळा लागते, पण ती चुकवली तर दुखणं मोठं होतं. एवढाच आमच्यात फरक. इव्हानोने "कमी वेळा"चा अर्थ "कधीच नाही" असा घेतला. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. सकाळच्या गारठ्यात ती सुरू व्हायला कुरकुरायला लागली होती. झडपा नीट मिटत नव्हत्या. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही.

त्या वर्षी खोऱ्याच्या मोटरसायकल क्लबला आपला चमू मोठ्या स्पर्धेला पाठवायचा होता. दोन जागा ठरल्या होत्या. तिसरी मिरेल्लाला द्यायची की इव्हानोला, हे आमच्याच डोंगरातल्या दोन दिवसांच्या शर्यतीवर ठरणार होतं. क्लबचा अध्यक्ष तार्चिझियो गॅरेजमध्ये येऊन म्हणाला, "पोरी, तुझ्यावर माझा विश्वास आहे. या डबड्यावर नाही. ही वाटेत बसली तर हिला नांदोच्या बारच्या भिंतीवर टांगू. शोभेला बरी दिसेल."

भिंतीवर! चालतीबोलती मी, माझ्यावर खिळे ठोकायला निघाले!

पहिल्या दिवशी आम्ही इव्हानोच्या बऱ्याच पुढे होतो. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे सगळ्या गाड्या कुंपणात बंद झाल्या. तिथे कुणालाही, अगदी मालकालाही, गाडीला हात लावता येत नाही. सकाळी खूण झाली की गाडी दिलेल्या वेळात सुरू करून निघायचं. मी पहिल्याच किकला बोलले.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल भरायचं ठिकाण होतं. तिथे क्लबची माणसं फुकट राबतात. प्रत्येकाचा कॅन ओळीने ठेवलेला असतो. त्या दिवशी तिथे नांदो होता. नांदो म्हणजे बारचा मालक, एजिदियोचा जुना दोस्त आणि देवमाणूस. जन्मभर त्याने कुणाच्या पेल्यात गढूळ वाइन पडू दिली नाही. बाटलीत रंग जरा वेगळा दिसला की तो ती मोरीत रिकामी करायचा, मग ती कितीही चांगली असो. मिरेल्लाचा कॅन त्याने उघडला, उजेडात धरला आणि आत निळसर पेट्रोल दिसलं. पोरीला कुणीतरी बिघडलेलं पेट्रोल दिलंय! त्याने ते गटारात ओतलं आणि शेजारच्या, कुठल्याशा फोर-स्ट्रोकच्या कॅनमधलं स्वच्छ, पांढरं पेट्रोल तिच्या कॅनमध्ये भरलं. वर पुन्हा झाकण पुसलं.

आम्ही पोचलो तेव्हा मिरेल्लाला शर्यतीच्या कार्डावर वेळेचा शिक्का घ्यायचा होता, घोटभर लिंबाचा चहा घ्यायचा होता. टाकी नांदोने भरली. "जा, बेटा, एकदम ताजं भरलंय!"

टाकीत माझं थोडं जुनं मिश्रण उरलं होतं, त्यावर मी पहिला चढ काढला. मग पिस्टन कोरडा पडू लागला. कोरड्या घशात पीठ कोंबावं तसं मला झालं. मी तापले, मी खरखरले, आणि ऐन घाटात जाम झाले. मागचं चाक अडकलं. मिरेल्लाने क्लच ओढला म्हणून आम्ही दरीत गेलो नाही. ती खाली उतरून माझ्याजवळ बसली. थोड्या वेळाने इव्हानो शेजारून गेला. थांबला नाही, पण ओरडायला त्याला सवड झाली. "टू-स्ट्रोक!"

दुपारी गॅरेजमध्ये तिने मला उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते आणि तेलाचा टिपूस नव्हता. तिने टाकीतलं पेट्रोल बशीत काढलं. पांढरं. तेवढ्यात नांदो तिची समजूत काढायला वाइनची बाटली घेऊन आला, मागोमाग तार्चिझियो.

"नांदोकाका, माझ्या कॅनमधलं पेट्रोल कुठे गेलं?"

"फेकलं की! खराब झालं होतं, बेटा. निळं पडलं होतं पार."

मिरेल्लाने पिस्टन त्याच्या हातात दिला. नांदो आधी पिस्टनकडे, मग बशीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला. भिंतीला टेकून एजिदियो म्हणाला, "अरे गाढवा, त्यात ऑइल होतं."

तार्चिझियोने गॅरेजचं दार लोटून घेतलं. "झालं ते झालं. हे इथंच ठेवा. गावभर झालं तर नांदोची मान खाली जाईल, आणि उद्या फुकट राबायला कोण येईल? गाडीने दगा दिला म्हणू. गाडीला काय कळतंय?"

"आणि माझी जागा?"

"ती इव्हानोला. निकाल लागलाय, पोरी."

मित्रांनो, तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मला तळपाय नसताना. माणसाची अब्रू वाचवायची म्हणून माझी काढली! कारण काय, तर मी बोलत नाही. मुकी बिचारी, कुणीही हाका. नांदो मान खाली घालून निघून गेला. वाइन विसरला. आणि बारमध्ये ते वाक्य अधिकच जोरात सुरू झालं.

मिरेल्लाने माझ्या सिलिंडरवरचे ओरखडे घासून काढले, नवा पिस्टन बसवला आणि त्याच आठवड्यात मी पुन्हा धडधडू लागले. चमूच्या मदतीला म्हणून तीही मोठ्या स्पर्धेला जाणार होती; निघण्याआधी ती इव्हानोला म्हणाली, "तुझी सकाळी नीट सुरू होत नाहीये. मी झडपा बघून देते."

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

तिकडे काय झालं ते मिरेल्लाने परत येऊन बापाला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. पहाटेची थंडी, गाड्या कुंपणातून बाहेर, खूण झाली. इव्हानोने किक मारली. पुन्हा मारली. घामाघूम होऊन मारत राहिला. फोर-स्ट्रोक सुरूच झाली नाही. ठरलेली वेळ संपली, आणि इव्हानोमुळे अख्खा चमू मागे पडला. दुपारी ती जेमतेम सुरू झाली, तर डोंगरात एक झडप तुटून पिस्टनवर पडली आणि इंजिनाचा चुराडा झाला.

बारमध्ये त्या रविवारी नवं वाक्य निघालं. "फोर-स्ट्रोकचा काय भरवसा!"

मला आनंद व्हायला हवा होता. तसं झालं नाही. मी आणखीच चिडले. साप सोडून भुई धोपटण्याची ही कुठली रीत? काल मी नालायक, आज ती. काल पेट्रोल ओतून टाकणारा नांदो आणि आज ऑइल न बदलणारा इव्हानो मात्र दोघेही निर्दोष.

तार्चिझियो पुन्हा गॅरेजमध्ये आला. या खेपेला त्याने टोपी काढली होती. "पुढच्या वर्षी तू चमूत ये. फक्त नांदोचा विषय काढायचा नाही."

"विषय निघेल," मिरेल्ला म्हणाली. "लोक म्हणतात माझी गाडी घाटात बसली. मी ती नीट ठेवत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. खरं काय ते चारचौघांत सांगा. नाहीतर मला जागा नको."

तार्चिझियो पाय आपटत गेला. आम्हाला वाटलं, संपलं.

पण रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर मिरेल्लाने मला बारच्या दारात उभं केलं होतं, तेव्हा आतून नांदोचा आवाज आला. त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. त्याने कॉफीचं यंत्र बंद केलं, तेव्हाच लोक गप्प झाले.

"ऐका रे. मिरेल्लाची गाडी बसली ती माझ्यामुळे. निळं पेट्रोल मी ओतून दिलं. मला झोप लागत नाही. गाडी चांगली आहे."

"तरीच तुझी कॉफी कोरडी लागते!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, नांदो हसता हसता रडला, आणि विषय संपला.

एवढंच होतं, मित्रांनो! एका वाक्याचं काम. त्याने कुणाची मान खाली गेली नाही, बार ओस पडला नाही, पुढच्या शर्यतीला माणसंही दुप्पट आली. आणि एवढ्या वाक्यासाठी मला महिनोन्महिने दगाबाज म्हणवून घ्यावं लागलं, एका कष्टाळू मुलीला तिची जागा गमवावी लागली. पुढच्या वर्षी आम्ही त्या मोठ्या स्पर्धेला गेलो, मिरेल्ला आणि मी, आणि शेवटपर्यंत पोचलो.

पण माझा राग अजून गेलेला नाही. इव्हानोची फोर-स्ट्रोक त्याच्या गवताच्या कोठाराआड प्लास्टिकखाली उभी आहे. इव्हानो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "गाडीच खराब निघाली." मिरेल्लाने दोनदा विचारलं, मी दुरुस्त करून देते म्हणून. तो नको म्हणतो. दुरुस्त झाली तर दोष कुणाचा होता ते उघडं पडेल ना!

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं मुकं यंत्र असेल. सायकल असेल, शिलाई मशीन असेल, पाण्याचा पंप असेल. ते बंद पडलं की "खराब निघालं" म्हणण्याआधी एवढंच विचारा की आपण त्याला वेळेवर काय दिलं होतं. आणि चूक आपली असेल तर नांदोसारखं मोठ्याने सांगा. माझ्यासाठी एकाने ते सांगितलं. माझ्या बहिणीसाठी अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि तिच्या फुटक्या पोटात अजून तेच काळं ऑइल आहे.