आधी थोरलं घर

खारबावच्या त्या घरात एक दंडक होता: आधी थोरलं घर, मग धाकटं. गोडाऊनचा करार असो की होळीचा नारळ, पहिला मान भाऊंचा. भाऊ म्हणजे घरातल्या पूर्वी या मुलीचे थोरले काका. धाकटे रामदास, म्हणजे तिचे वडील, मागं उभं राहून मान डोलवायचे आणि त्या कामात ते पटाईत होते.

यंदा भाऊंचा कुणाल आणि पूर्वी, दोघंही नीटला बसले. पूर्वीला एकशे बारा मार्क जास्त. पहिल्या फेरीत तिची सीट थोडक्यात हुकली. दुसऱ्या फेरीत लागणारच होती, फक्त कॉलेजांची पसंती आज पाचच्या आत भरायची होती. त्याला लागणारा ओटीपी यायचा भाऊंच्या मोबाईलवर. घरातल्या प्रत्येक सरकारी कागदावर नंबर त्यांचाच.

"आज सर्वपित्री हाय," कावळ्याला घास ठेवून आलेले भाऊ म्हणाले. "पितरांच्या पंधरवड्यात नवं काम न्हाय. उद्या आधी कुणालचा भरू, मग तुझा."

"उद्या साइट बंद होईल, भाऊ. आज शेवटची तारीख हाय."

"वाढवतात. दरवर्षी वाढवतात. तुला घाई कसली ते कळतं मला. कुणालच्या आधी नंबर लावायचाय तुला."

पूर्वीचं डोकं सणकलं. "हे काय बसमधली जागा हाय, रुमाल टाकून धरायला? पहिल्या दिवशी भरा न्हायतर शेवटच्या मिनिटाला, मार्कांवरच लागतं. पण पाचनंतर कायच लागत न्हाय. कुणालचा आधी भरते, मग तर झालं? द्या फोन."

"अमावास्येला माझ्या पोराला अपशकुन करतेस?" भाऊंनी मोबाईल खिशात टाकला आणि वर हात ठेवला. कुणाल झोपाळ्यावर हसत होता. आपल्या मार्कांना काही लागत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पावणेपाचला पूर्वीनं लॅपटॉपवर बटण दाबलं. भाऊंचा खिसा वाजला. त्यांनी मोबाईल काढला, आकडे वाचले आणि परत ठेवून दिला.

"काय आलं?"

"जाहिरात."

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा जाहिरात.

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना!"

"मोठ्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नये, पोरी," रामदास पुटपुटले.

मग तिनं सरळ भाऊंच्या खिशावर झडप घातली. मोबाईल बोटांना लागलाही. तेवढ्यात मागून कुणीतरी तिचं मनगट पिरगळून तिला मागं ओढलं. ते रामदास होते. पाच वाजून गेले तरी त्यांनी मनगट सोडलं नाही.

सहाला सूचना आली: मुदतवाढ नाही.

भाऊंनी ती वाचली, मिशीवरून हात फिरवला. "बरंच झालं. पुढच्या वर्षी दोघं एकदम भरा. घरात तंटा नको."

"भाऊ बोलतात ते बरोबर हाय," रामदास म्हणाले.

पूर्वीनं लाल झालेलं मनगट चोळलं. भाऊंचा तिला आता रागही येत नव्हता. ते वैऱ्यासारखे वागले, आणि वैऱ्याकडून दुसरं काय व्हायचं? पण हात धरला तो बापानं. त्या दिवसापासून तिनं त्यांना बाबा म्हणून हाक मारली नाही.