जेफ्रीजच्या तसबिरींखाली

"मान वर कर. नवऱ्याचं घर सोडून आलीस, हे कबूल आहे?" दत्तोपंतांनी विचारलं.

प्रगती दिवाणखान्याच्या मधोमध उभी होती. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. कन्हेरीला बापाकडे गेली असती, तर त्याने आल्या पावली परत धाडली असती. म्हणून ती बारामतीत, या घरी आली. तिची आई हयात असताना इथं पोळ्या करायची.

"कबूल हाय. पर त्यो लाकडानं मारतुया, सायेब..."

"विचारलं तेवढंच बोल."

दत्तोपंत न्यायाधीश होते. नोकरी संपली, पण घरातलं कोर्ट उठलं नव्हतं. त्यांच्या मागे भिंतीवर सोनेरी चौकटीत दोन तसबिरी होत्या. विलायतेच्या सहलीतून आणलेल्या. एकीत तरुण जॉर्ज जेफ्रीज, नवरीसारखा नाजूक; दुसरीत तोच लाल झग्यात, कुरळ्या केसांचा टोप घालून. जुन्या काळचा इंग्रज न्यायाधीश. आल्यागेल्याला दत्तोपंत सांगत, "चेहरा बघा, किती देखणा! आणि माणसं शेकड्यांनी फासावर धाडली. एका म्हातारीनं बंडखोरांना आसरा दिला, तर तिलाही सोडलं नाही. याला म्हणतात वचक!"

हाच वचकवाला, राजा पळाल्यावर, खलाशाचे कपडे घालून पळून जायला निघाला आणि लोकांनी ओळखून धरला. हे एकदा पुतण्या स्वानंदने जेवताना सांगितलं, तेव्हा दत्तोपंतांनी आमटीत मीठ कमी असल्याचं काढलं होतं. त्या दिवसापासून त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई तसबिरी पुसताना फडकं जरा जोरातच फिरवत.

दत्तोपंतांनी भवानीनगरला प्रगतीच्या सासऱ्याला फोन लावला. "आप्पासाहेब, सून इथं आहे. घेऊन जा." मग ते जेवले, दुसऱ्यांदा भात घेतला आणि वामकुक्षीला गेले.

"तुझं आणखी कुणी आहे का गं?" मंदाकिनीबाईंनी हळूच विचारलं.

"बावड्याला द्वारकामावशी हाय. ती न्हाय म्हणायची न्हाय."

"चल मग."

"सायेब रागावत्याल, काकू."

"रागावू देत. दुसरं येतं काय त्यांना?"

बावड्याच्या वाटेवरची इंदापूरची एसटी भवानीनगरवरूनच जाते, हे बसल्यावर दोघींच्या ध्यानात आलं. तेवढ्यात दत्तोपंतांचा फोन. "कुठं आहेस तू? ते लोक येऊन बसलेत आणि पोरगी नाही! चारचौघांत मला तोंडघशी पाडलंस!"

"झोप झाली का नीट?" असं विचारून बाईंनी फोन बंद केला.

भवानीनगरला गाडी थांबली. प्रगतीने खिडकीतून पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. "लखन हाय," ती पुटपुटली. नवरा. बारामतीहून त्याच्या बापाचा फोन आलेला असणार. बाईंनी तिचं डोकं मांडीवर ओढलं, वरून शाल टाकली. लखन गाडीत चढला, एकेक बाक न्याहाळत आला.

"आज्जी, हे कोन निजलंय?"

"सून आहे माझी. पोटुशी आहे, मघापासून उलट्या चालल्यात. लांब हो, अंगावर येईल तुझ्या."

शालीखाली प्रगतीला खोकला आला, तो नेमका ओकारीसारखा. बायकोला लाकडाने मारणारा तो मर्द नाक दाबून दोन पावलं मागे सरला आणि खाली उतरला. बाईंना त्याची भीती वाटायची थांबली, शिसारी तेवढी उरली.

प्रगतीने इंदापूर येईपर्यंत डोकं वर काढलं नाही.

बावड्याला द्वारकाबाईंच्या मळ्यात पेरूची तोडणी चालू होती. त्यांनी भाचीचं तोंड पाहिलं, काही न विचारता तिला आत नेलं आणि चुलीवर पाणी तापत ठेवलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "लई उपकार झालं, बाई. आता तुमी माघारी कवा जानार? शेवटची गाडी सातला हाय."

मंदाकिनीबाईंनी रस्त्याकडे पाठ केली. मग त्यांनी पदर खोचला, पेरूंच्या ढिगापाशी बसल्या आणि एक रिकामी पाटी पुढे ओढली.