रंगीत छताखालची आरामखुर्ची

मित्रांनो, माझ्यात बसताना माणूस आधी जरा घाबरतो आणि एकदा बसला की उठायचे नाव घेत नाही. मी समुद्रकाठच्या एका पाहुणेघरातली जुनी आरामखुर्ची आहे. सुताराने माझी लाकडे तासली, शिंप्याने निळ्या पट्ट्यांचे जाड कापड शिवले आणि मालकीणबाईंनी मला वाळूवर मांडले. ऊन, खारा वारा, ओल्या अंगाने धपकन बसणारे पाहुणे, सारे मी आनंदाने सोसले. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली, झाडूशेजारी झाली.

एकदा दादा, वहिनी, त्यांची मुलगी पिटुकली आणि दादांची मोठी बहीण असे चौघे सुट्टीला आले. पिटुकलीची ही आत्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. थोडा वेळ उभी राहिली, की तिची कंबर धरायची. पिटुकलीनेच मला शोधून वाळूवर ओढत नेले. आत्या माझ्यात विसावली आणि तिथेच घोरू लागली! पिटुकलीने माझे पाय वाळूत पुरले. मग आत्याला उठवायला सगळ्यांनी ओढाओढ केली आणि सगळेच वाळूत आडवे झाले. किती हसले सारे!

दुसऱ्या दिवशी जुना राजवाडा पाहायचा बेत होता. तिथल्या दालनाचे रंगवलेले छत आत्याने पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरून वर्षानुवर्षे फळ्यावर काढून मुलांना शिकवले होते. प्रत्यक्ष मात्र कधी पाहिले नव्हते. तरीही ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला कुठे एवढं उभं राहवतंय?"

पिटुकलीने सरळ मला घडी घालून गाडीत कोंबले.

राजवाड्याच्या दारात पहारेकऱ्याने अडवले. "बाहेरचं सामान आत चालत नाही."

आत्याचा चेहरा उतरला. वहिनी पुढे झाल्या. "अहो, ही खुर्ची नाही, आमच्या वन्संची कंबर आहे."

पहारेकरी आत्याकडे पाहून हसला. "मग कंबर बाहेर ठेवा असं कसं म्हणू? फक्त फरशीवर ओरखडा नको हं."

दादांनी आपला टॉवेल माझ्या पायांखाली घातला. आत्या मागे रेलली आणि तिची नजर वर गेली. पक्षी, वेली, ढग! मग ती हळूच म्हणाली, "अगं पिटुकले, मी ढग पांढरे शिकवत होते. हे तर गुलाबी आहेत!"

डोळे पुसता पुसता ती हसत होती. आजूबाजूचे लोक माना वर करून अवघडले होते. "आजी, जरा आम्हालाही बसू द्या ना," म्हणत चक्क रांग लागली. त्या दिवशी माझा थाट राजसिंहासनाचा होता!

आता मी पुन्हा वाळूवर असते. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना समुद्रावरून आणल्यावर गोड्या पाण्याने पुसा, अडगळीत टाकू नका. आणि घरातले कोणी सहलीला मागे राहतो म्हणाले, तर त्यांना पुन्हा एकदा विचारा. कदाचित नुसती बसायच्या जागेचीच अडचण असेल.