तौहुएचं सुगंधी घर

आमच्या चियायी शहरात माणसाची किंमत त्याच्या घरातल्या लाकडाच्या वासावरून ठरते. माझे सासरे के ह्वो-थू जन्मभर हिनोकीचं, म्हणजे अलीशानच्या डोंगरावरच्या सुगंधी लाकडाचं काम करत आले. त्यांच्या मते जगात वस्तू दोनच प्रकारच्या, हिनोकीच्या आणि अजून हिनोकीच्या न झालेल्या. मी त्यांना आ-पा म्हणते. माझं दुकान नळांचं, टाइल्सचं, प्लास्टिकच्या पत्र्यांचं. ज्या वस्तूंनी त्यांचा धंदा बुडवला त्याच विकणारी सून त्यांच्या पदरी पडली, आणि पदरी पडलं ते पवित्र झालं असं मात्र त्यांनी कधी मानलं नाही.

सासूबाई, आमची आ-बू, थंडीत गेल्या. मागे ठेवून गेल्या एक लाल पायांचं कासव. नाव तौहुए. तौहुए म्हणजे सोयाबीनची मऊ लुसलुशीत खीर, आणि हे नाव दगडासारख्या पाठीच्या प्राण्याला. आ-बू तशाच थट्टेखोर होत्या. मागच्या गॅलरीत मासेवाल्यांकडे असतो तसल्या नारिंगी प्लास्टिकच्या टबात त्यांनी ती वाढवली. जाताना नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, तौहुएला जपा. बायकोचं एक अक्षर ज्यांनी जन्मात ऐकलं नाही, त्यांनी हे शेवटचं मात्र मनावर घेतलं. आता तौहुएला काही झालं असतं तर ते स्वतःला तोंड दाखवू शकले नसते.

मे महिन्याची झड लागली, भिंतींना घाम फुटला. तौहुएला टब पुरेना. ही जात दमट जंगलातली. तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावं लागतं, खालचा नारळाचा भुसा ओला ठेवावा लागतो. म्हणजे घर असं हवं, की जे कुजणार नाही आणि तिला बाधणारही नाही. प्लायवुड पावसात विसरलेल्या पुठ्ठ्यासारखं फुगतं, पत्रा गंजतो. मी म्हटलं, माझ्या दुकानातला पीव्हीसीचा जाड पत्रा घ्या, सांधे सिलिकॉनने भरू.

"प्लास्टिकात मेलेले मासे ठेवतात," आ-पा म्हणाले. "तुझ्या सासूचा जीव मी त्यात ठेवू?"

"आत्ताही ती प्लास्टिकातच आहे, आ-पा."

"म्हणूनच तिची उंची वाढली नाही."

घरामागे ताडपत्रीखाली त्यांनी हिनोकीच्या फळ्या राखून ठेवल्या होत्या. जुनी माणसं ठेवतात तशा, पुरायच्या शेवटच्या पेटीसाठी, स्वतःच्या आणि बायकोच्या. आ-बूंनी ऐनवेळी नकार दिला होता. मला जाळा, त्या वासात कोंडू नका, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आम्ही म्हटलं, म्हातारी जाता जाता नव्या विचारांची झाली. आ-पा मात्र अंत्यविधी होईपर्यंत धुसफुसत होते. तर आ-बूंच्या वाट्याच्या फळ्या शिल्लक होत्या, आणि त्यांचंच घर आ-बूंच्या कासवाला करायचं असं आ-पांनी ठरवलं.

पण विचारल्याशिवाय कसं करणार? देव्हाऱ्यात आ-बूंच्या नावाची पाटी आहे. तिच्यापुढे उभं राहून चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक सपाट बाजूने आणि एक फुगीर बाजूने वर पडला तर होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार, आणि दोन्ही सपाट वर आले तर समोरचा हसतोय.

पहिल्यांदा आ-बू हसल्या. मग नाही म्हणाल्या. आ-पांनी प्रश्न बदलला, लाकूड वाया गेलेलं तुला चालेल का? पुन्हा हसल्या.

"आ-पा, त्या नाही म्हणतायत."

"तिला प्रश्न नीट कळला नाही," ते म्हणाले आणि पुन्हा टाकले.

लग्नापासून त्या दोघांचं असंच चालत आलं होतं. प्रश्न फिरवत फिरवत शेवटी होकार पडला. मेलेल्या माणसालाही कधीतरी कंटाळा येत असेल.

घर मात्र देखणं झालं. एक खिळा नाही, सगळे सांधे खाचेत खाच बसवलेले, वर घट्ट झाकण, पुढे कोरीव दार, दाराला उंबरासुद्धा. ऊब टिकावी म्हणून दाराखेरीज कुठे फट ठेवली नाही. गल्लीतले म्हातारे एकेक करून आले, आत डोकं घालून श्वास ओढून गेले. शंभर वर्षं किडा-मुंगी फिरकणार नाही, असं आ-पा प्रत्येकाला सांगत होते, आणि ते ऐकून एकाच्याही कपाळाला आठी पडली नाही. मानात माझाही वाटा असावा म्हणून मी तळाचे सांधे सिलिकॉनने भरून दिले, न्हाणीघरात वापरतात ते, बुरशी मारणारं, माझ्या दुकानातलं सगळ्यात भारी.

तौहुए आत गेली आणि दाराच्या फटीला नाक लावून बसली.

"बघ, घरमालकिणीसारखी दारात बसते," आ-पा म्हणाले.

मग तिने खाणं सोडलं. जास्वंद नको, पपई नको. डोळे सुजले, नाकातून बुडबुडे यायला लागले. आ-पांना वाटलं, हवा कोरडी पडली असणार, म्हणून त्यांनी पाणी वाढवलं. ओल्या हिनोकीचा वास गॅलरीभर दरवळला. तौहुए तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागली, तेव्हा मात्र त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळलं. मी स्कूटर काढली.

प्राण्यांची डॉक्टर ल्यू अगदी तरुण होती. तिने कासवाच्या आधी ते गुंडाळलेला टॉवेल हुंगला आणि कशात ठेवलंय असं विचारलं. आ-पांनी सांगितलं, या अवस्थेतही थोडं अभिमानाने.

"त्या लाकडाला वाळवी लागते का हो, आजोबा?"

"छे. किडा जवळ येत नाही."

"का येत नाही?"

आ-पांनी टॉवेल स्वतःच्या नाकाला लावला.

मग तिने समजावलं. किड्याला पळवणारं तेल लाकडातच असतं. बंद, गरम, ओल्या पेटीत ते हवेत उतरतं, आणि पेटीतल्या जिवाला पळायला जागा नसते. सगळ्यांना बाधतं असं नाही. माणसांतही काही जणांना सोसत नाही, खोकला लागतो, मग ती उघड्यावर झोपतात. माझा प्लास्टिकचा पत्रा जिंकला म्हणून माझ्या मनात लाडू फुटत होते, तेवढ्यात तिने सांधे कशाने भरले ते विचारलं. मी सांगितलं.

"बुरशीला मारणारं?" ती म्हणाली. "आणि मग—"

"कळलं," मी म्हटलं.

माशांच्या टाकीला लावतात ते साधं सिलिकॉन चालतं, तेही वास पूर्ण गेल्यावर. पत्रा माझाच चालणार होता, पण आता मिरवायला तोंड कुठे होतं?

नारिंगी टब आ-पांनी फेकला होता. मी तो छत्र्या ठेवायला उचलून आणलेला, तोच धुऊन गॅलरीत ठेवला. औषध सुरू झालं. आ-पा टबाशेजारी फरशीवर बसून राहिले. त्यांच्या मागे, कपडे धुण्याच्या मशीनला टेकून, आ-बूंची गुंडाळलेली चटई उभी होती. झड लागली की आ-बू दरवर्षी इथेच झोपायला यायच्या. आत शयनघरात आ-पांनी लग्नाला केलेला हिनोकीचा कोरीव पलंग, आणि ह्या मात्र इथे फरशीवर. उकडतं म्हणायच्या. म्हातारीने कासवाशी घरोबा केलाय, असं गल्लीत हसायचे. आ-पा त्या विनोदाला कधी हसले नव्हते.

"आ-श्या," ते मला म्हणाले, "ती खोकायची ना?"

"हो."

"मला कधी म्हणाली नाही."

"म्हणायच्या. तुम्ही म्हणायचात, ह्या वासासाठी लोक जीव टाकतात."

"झड लागायच्या आधी मी पलंगाला हलका रंधा मारायचो," ते म्हणाले. "वास ताजा व्हावा म्हणून. तिच्यासाठी."

त्यांचा राग यावा तर तो येईना. नुसतं वाईट वाटलं, दोघांचंही.

तौहुएने जास्वंदाची एक पाकळी ओढली त्या दिवशी मी ओरडतच त्यांना बोलावलं. तिने ती पूर्ण गिळेपर्यंत त्यांनी बघितलं, डोळे पुसले आणि देव्हाऱ्याकडे गेले. उदबत्ती पेटवली, मग काय वाटलं कोण जाणे, विझवून टाकली आणि खिडकी उघडली. दोन्ही तुकडे हातात घेतले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते.

"त्या पलंगाचा तुला त्रास व्हायचा का?" त्यांनी विचारलं आणि टाकले.

एक सपाट, एक फुगीर. पहिल्याच वेळी.

आता प्रश्न फिरवून पुन्हा टाकतील म्हणून मी थांबले. त्यांनी वाकून तुकडे उचलले, सदऱ्याला पुसले आणि पाटीसमोर होते तसे ठेवून दिले.