माझ्या ताईला मशीन ठरवलं

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो. काच कोपऱ्यात तडकली आहे आणि मागचं झाकण निघू नये म्हणून रबर लावलं आहे. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. समुद्रपूरच्या बसस्टँडसमोर नंदिनीताईच्या झेरॉक्सच्या दुकानात आलो, तिथपासूनचं मात्र सगळं लक्षात आहे.

काउंटरवरून स्टँडचं फाटक सरळ दिसतं. गाड्यांचा काही भरवसा नाही, म्हणून प्रवाशांनी इंटरनेटवर एक ग्रुप काढला होता. कोणी विचारलं, "हिंगणघाट गाडी लागली काय?" की ताई हातातलं काम तसंच ठेवून लिहायची, "जयभीम. लागली. लवकर या." पहिल्या गाडीपासून मुक्कामी गाडीपर्यंत हेच. कितीतरी पोरी तिच्यामुळे परीक्षेला वेळेवर पोचल्या. लोक हात जोडल्याची चित्रं पाठवायचे आणि मला उगाच मोठेपणा वाटायचा.

मग एकाने लिहिलं, "माणूस इतक्या लवकर उत्तर देते काय? रोज तेच शब्द. हे मशीन होय." ग्रुप चालवणाऱ्या मुकेशभाऊंनाही ते पटलं. ताईने स्वतःचा फोटो पाठवला. ते म्हणाले, फोटो तर मशीनही बनवते. तिने आवाज पाठवला. म्हणाले, आजकाल आवाजही बनते.

शेवटी ताईने लिहिलं, "वर्षालीले विचारा. रोज माह्या दुकानात बसून गाडीची वाट पाह्यते."

वर्षाली म्हणजे कॉलेजात जाणारी मुलगी. ताईचा चहा प्यायची, कधीकधी मला चार्जिंगलाही लावायची. तिने ते वाचलं. वाचल्याची खूण मला दिसली. गिऱ्हाईक समोर उभं असूनही ताई माझ्याकडेच बघत राहिली. उत्तर आलं नाही. ताईला ठेवायचं की काढायचं, यावर मुकेशभाऊंनी सगळ्यांचं मत मागितलं आणि 'काढून टाका' याच्याखाली वर्षालीचं नाव आलं. ताईला ग्रुपमधून काढलं. मला तिचा फार राग आला. तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती धावत दुकानात आली. "ताई, गाडी गेली काय वं? ग्रुपवर कोणीच सांगून नाई राह्यलं."

"तू काऊन तसं केलं?" ताईने विचारलं.

"सगळेच तसं करून राह्यले होते. मी एकटी काय बोलू?"

ताईने फाटकाकडे पाहिलं. "गाडी लागली आहे. जाय लवकर."

ती गेली. पुन्हा दुकानात आली नाही, आणि ग्रुपवरही काही बोलली नसावी, कारण ताईला परत कोणी बोलावलं नाही.

मित्रांनो, मोबाईल जपून वापरा, पाण्यापासून दूर ठेवा, असं काहीतरी मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. ते राहू द्या. एखादं माणूस खरं आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर ते चारचौघांत सांगा. एकटे असलात तरी सांगा. मी यंत्रच आहे, मला यंत्र म्हटलेलं लागत नाही. ताईला लागलं. त्या दिवशी ती जेवली नाही.